शपथेतला काना

“म्हणा, ‘घेतो’. एक शब्द आहे, सगुणाबाई. जीभ झिजणार नाही तुमची.”

दातीर वकिलांनी हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि खिशातलं घड्याळ काढून माझ्यासमोर धरलं. साडेचार वाजून गेले होते. भाद्रपदातला दिवस, कृष्णा दुथडी भरलेली, आणि पलीकडे जाणारी शेवटची होडी सूर्य मावळायच्या आत सुटायची.

मी समईपुढे उभी होते. पाठीमागे कागदांच्या गठ्ठ्यांची उतरंड आणि शाईचा वास. समईच्या मागे भिंतीवर, काचेच्या चौकटीत, ठळक टाइपात छापलेली शपथ:

‘मी या दिव्यासमोर शपथ घेतो. दुखणं कोणाचंही असो, मी जातो. गुपित कोणाचंही असो, मी जपतो.’

आमच्या नांदरगावच्या सहोदर मंडळाची ही शपथ. ती लिहिली पोतनीसकाकांनी. मंडळ काढलं तेही त्यांनीच. काका छापखान्यात प्रुफं तपासायचे. छापखान्याच्या मागच्या या गोदामात दर गुरुवारी दार लावून मंडळाची बैठक भरे. नवा माणूस आला की त्याचे डोळे बांधून आत आणायचे, समईपुढे उभं करायचं, पट्टी सोडायची आणि ही तीन वाक्यं वाचायला लावायची. वाचली की तो ‘सहोदर’ झाला. मग गावात कोणाच्याही दुखण्यात, कोणाच्याही मयतीला तो न बोलावता जाणार.

‘बंधू’ हा शब्द काकांनी मुद्दाम घेतला नव्हता. “बंधू म्हटलं की बहीण उंबऱ्याबाहेर राहते,” असं ते म्हणत. “सहोदर म्हणजे एका पोटचे. त्यात कोण आलं नाही?” मंडळाच्या छापील नियमांतला पहिलाच नियम असा होता की सहोदर होण्याच्या आड स्त्री-पुरुष हा भेद येणार नाही. पण दोन वर्षांत सतरा पुरुष आले होते, बाई एकही नाही.

त्या दिवशी आम्ही दोघी आलो होतो. मी, आणि गजराबाई सुईण.

आलो त्याला कारण होतं. गावात पटकीची साथ होती. नगरपालिकेनं नदीपलीकडे माळावर छपरं उभारून आजारी माणसं तिकडे हलवली होती आणि त्यांची सेवा सहोदर मंडळाकडे दिली होती. मंडळाच्या यादीत नाव असेल त्यालाच होडीत घ्यायचं, असा कडक हुकूम होता. बायकांच्या छपरात अकरा जणी होत्या. त्यांतली एक माझी थोरली जाऊ.

सकाळी काका आमच्या ओट्याशी येऊन उभे राहिले होते. रात्रभराच्या जागरणानं डोळे लाल. सासूबाईंना म्हणाले, “वहिनी, तुमची थोरली सून परक्या पुरुषाच्या हातून पाण्याचा थेंब घेत नाही हो. मीठ-साखरेचं पाणी घेऊन गेलो, तर डोक्यावरून पदर ओढून दात आवळून घेतले. आज संध्याकाळपर्यंत तिच्या पोटात पाणी गेलं नाही तर डॉक्टर म्हणतात, आपल्या हातात काही नाही.”

आणि आता मी समईपुढे उभी होते, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

“मी ‘घेतो’ कसं म्हणू?” मी हळूच म्हटलं. “माझा चातुर्मासाचा नेम आहे, वकीलसाहेब. कार्तिकी एकादशीपर्यंत खोटं बोलायचं नाही, थट्टेतसुद्धा.”

“खरं आहे तिचं,” दाराशी कागदाच्या गठ्ठ्यावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. थोरल्या सुनेच्या धुतल्या लुगड्यांचं गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं. साठीपुढच्यांना पलीकडे न्यायला डॉक्टरांची मनाई होती, नाहीतर त्या स्वतःच गेल्या असत्या. “शेजारच्या काकूंनी विचारलं, भाजी कशी झाली होती? तर ही बया म्हणते, खारट. आषाढापासून आळीत कोणी आमच्याकडे वाटीभर काही पाठवत नाही.”

कोणीतरी हसलं. गोदामात त्या वेळी आठ सहोदर होते. बाकीचे नऊ पलीकडे छपरांत राबत होते.

“मग ‘घेते’ म्हणू दे की तिला,” मागून एक जण म्हणाला.

दातीर वकिलांनी नियमांचं पुस्तक उघडलं. ते वाचायची गरज त्यांना नव्हती, पण वकील होते. “नियम सातवा. ‘शपथेत काना-मात्रेचाही फरक झाल्यास ती शपथ नव्हे.’ हे मी नाही लिहिलेलं. संस्थापकांनी लिहिलंय. आणि याच पुस्तकावर पालिकेनं शिक्का मारलाय. उद्या कोणी तक्रार केली की शपथ न घेतलेली बाई पलीकडे घुसली, तर छपरं आपल्या हातून जातील. मग अकराच्या अकरा जणी उघड्यावर.”

मी काकांकडे पाहिलं. ते शपथेच्या चौकटीकडे टक लावून पाहत होते. चष्मा कपाळावर चढवलेला, बोटं शाईनं काळी. तेवीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावं लागलं नव्हतं, हे सारं गाव जाणत होतं.

“घेतो,” ते स्वतःशीच पुटपुटले. “जातो. जपतो. तीन चुका. माझ्या हातच्या. पहिल्या नियमात बायकांना दार उघडलं, आणि शपथेत लावून घेतलं. दोन वर्षं रोज ही चौकट मी पुसतोय!”

“चूक म्हणायचं कारण नाही,” वकील म्हणाले. त्यांचा सूर मऊ झाला होता. “उपाय सोपा आहे. एक भगिनी शाखा काढू. त्यांची शपथ वेगळी. ‘घेते, जाते, जपते.’ येत्या गुरुवारी ठराव मांडू.”

“गुरुवारी!” सासूबाई कडाडल्या. “अरे बाळू दातीर, आज रविवार आहे! तोवर माझी सून, माझ्या सख्ख्या भावाची लेक, तिकडे वाळून जाईल, त्याचं काय करतोस?”

चाळीस वर्षांच्या वकिलांना भर सभेत ‘बाळू’ ऐकून घाम फुटला. पण काका त्यांच्याआधी बोलले.

“शाखाबिखा नाही. दोन शपथा म्हणजे दोन मंडळं. मग एक मंडळ ठरवणार आणि दुसरं राबणार. माझी बहीण इन्फ्लुएंझात सगळ्या आळीला पेज पाजत फिरली, आणि ती गेली तेव्हा तिच्या उशाशी कोणी नव्हतं. मीही नव्हतो, पुण्याला होतो. त्यातून हे मंडळ निघालंय. शाखा काढायला नव्हे.”

एवढं लांब बोलताना काकांना कोणी ऐकलं नव्हतं. गजराबाईला मात्र थांबायला सवड नव्हती.

“ह्ये बगा,” ती पदर खोचत पुढे आली. “मला न्येम न्हाई, धरम न्हाई. मी घेतो बी म्हनते, घेते बी म्हनते, लागलंच तर घेतंय बी म्हनते. आदी मला आत घ्या. पलीकडं बाया लोळत्यात.”

“झालं!” वकिलांनी टाळी वाजवली. “गजराबाईंना द्या शपथ. सगुणाबाई राहू देत.”

आणि मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. गजराबाई जाईल, जाऊबाईंना पाणी पाजेल, माझा नेमही राहील. पण लगेच दुसरं मनात आलं. जाऊबाई गजराबाईच्या हातचं घेतील? त्यांच्या सोवळ्याचा पीळ मला ठाऊक होता. सासूबाईंनाही ठाऊक होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“सगुणे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्या हळू बोलल्या की मला जास्त भीती वाटे. “एक खोटं बोल. त्याचं पाप मी घेते. माझ्या पदरात घाल.”

मी डोळे मिटले. ‘घेतो’ ओठांपर्यंत आलाही असता. पण दुखण्याला जायची, गुपित जपायची शपथ, आणि तिचा पहिलाच शब्द खोटा? असं पहिलं पाऊल टाकून मी त्या छपरात शिरले, तर तिथे कोणाला काय आधार देणार? आणि नाही शिरले, तर जाऊबाई…

“गजराबाई, तुम्ही घ्या शपथ,” मी म्हटलं.

“म्या न्हाई!” गजराबाईनं मान झटकली. माझ्या चेहऱ्याकडे बघूनच तिनं काहीतरी ठरवलं असावं. “वैनी म्हनंल त्येच मी म्हननार. दोगी आलो, दोगीच जानार.”

“कठीण आहे,” वकील म्हणाले. “पाच वाजायला आले.”

मी समईकडे पाहत राहिले. रोज पहाटे तुळशीपुढे हातावर पाणी घेऊन मी अशीच उभी राहायची. लहानपणापासून किती नेम घेतले, किती संकल्प सोडले. कधी असा अडखळा आला नव्हता. का आला नव्हता? मी मनातल्या मनात पहाटेचे शब्द म्हणून पाहिले. पुन्हा म्हणून पाहिले.

“काका,” मी म्हटलं.

कोणाला ऐकू गेलं नाही. माझा आवाज तसाच आहे. मी पुन्हा, जमेल तितक्या मोठ्यानं म्हटलं, “काका! नेम धरताना आम्ही ‘करते’ म्हणतच नाही.”

“मग काय म्हणता?”

“करीन. ‘देवा, मी हे करीन.’ नेम आजचा नसतो, काका. आज तर नुसतं बोलणं होतं. नेम उद्यापासूनचा.”

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. जणू माझं वाक्य हवेत छापलेलं होतं आणि ते तपासत होते. “करीन,” ते म्हणाले. मग, “जाईन. मी… जाईन. सगुणाबाई, तुम्ही म्हणा.”

“मी जाईन.”

“मीही जाईन! दातीर, म्हणा!”

“काय म्हणू?”

“जाईन म्हणा, वकील, जाईन!”

“मी जाईन,” दातीर वकील बावचळून म्हणाले.

“ना कान्याचा फरक, ना मात्रेचा! पुरुष म्हणाला तरी जाईन, बाई म्हणाली तरी जाईन! बसेन. उठेन. पाजीन. जपीन!” पन्नाशीचे काका जागच्या जागी उड्या मारायचे तेवढे बाकी होते. गोदामभर एकच गलका झाला. जो तो तोंडात शब्द घोळवून बघत होता. धुईन, देईन, राहीन, पाळीन.

“अवो, नवस बी तसाच की!” गजराबाईनं कपाळावर हात मारला. “फेडीन म्हनतो आपन. गडी बी फेडीन, बाई बी फेडीन. देवाला म्हाईत हुतं, वकिलाला न्हवतं!”

काकांनी एक प्रुफाचा कागद ओढला, उलटा केला आणि उभ्या उभ्या लिहिलं: ‘दुखणं कोणाचंही असो, मी जाईन. गुपित कोणाचंही असो, मी जपीन.’ पहिलं वाक्य त्यांनी गाळूनच टाकलं. “शपथ घेतो असं वेगळं सांगायला कशाला हवं? घेतली की कळतंच.”

“थांबा,” दातीर वकील म्हणाले. ते आता चिडलेले नव्हते, पण थांबा म्हणाल्याशिवाय त्यांना राहवतही नव्हतं. “संस्थापकानं शपथ दुरुस्त केली तर ठराव लागत नाही, पालिकेला मी उद्या कळवतो. पण ही नवी शपथ खरी, तर जुनीत काना-मात्रेचा नाही, वाक्याचा फरक आहे. सातव्या नियमानं जुनी ती शपथच नव्हे. म्हणजे आपण सतरा जण आजपासून सहोदर नाही. पलीकडचे नऊ जणसुद्धा नाहीत. पोतनीस, तुम्हीसुद्धा नाही.”

गलका थांबला.

काकांनी कागदाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मंडळ ही त्यांची एकच मिळकत होती. बायको नव्हती, मूल नव्हतं. भिंतीवरच्या चौकटीखाली ‘संस्थापक व सहोदर पहिला’ असं त्यांचं नाव छापलेलं होतं, आणि ते छापताना त्यांना किती आनंद झाला होता हे ते स्वतःच सांगत.

“नाही तर नाही,” ते म्हणाले. “चुकीची प्रत रद्द. पुन्हा छापू.”

“मग शपथ देणार कोण?” वकिलांनी विचारलं. “शपथ सहोदरानंच द्यायची असते, आणि आत्ता या घडीला सहोदर एकही नाही. तुम्हीच पहिल्यांदा स्वतःला दिली होती, तशी पुन्हा घ्या आणि मग आम्हाला द्या.”

“नाही. आमच्या छापखान्यात एक रीत आहे, दातीर. ज्यानं चूक काढली, त्यानं प्रुफावर सही करायची. मालक असो की कंपोझिटर. सही त्याची, मग यंत्र चालू.” त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. “सगुणाबाई, तुम्हाला स्वतःच स्वतःला नेम द्यायची सवय आहे. तुम्ही आधी घ्या. मग मला द्या.”

“काका, मी? तुमच्या आधी?”

“पोरी, होडी सुटेल!”

कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. सासूबाईंनी गाठोडं खाली ठेवलं, फुलपात्र भरलं आणि माझ्या उजव्या तळहातावर पाणी घातलं. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. सासूबाईंनी माझ्या हातावर पाणी घालण्याची ती पहिलीच वेळ. मी कागद बघितला नाही. समईकडे बघून म्हटलं, “दुखणं कोणाचंही असो, मी जाईन. गुपित कोणाचंही असो, मी जपीन.” आणि पाणी सोडलं.

मग काका माझ्यापुढे येऊन उभे राहिले, चष्मा काढून, मान वाकवून. त्यांच्या तळहातावर मी पाणी घातलं. शाईच्या डागांवरून ते ओघळलं. मी एकेक शब्द सांगत गेले आणि ते माझ्यामागून म्हणत गेले, शाळेतल्या मुलासारखे मोठ्यानं.

गजराबाईनं तर पाणी घालायच्या आधीच सगळी शपथ म्हणून टाकली. मला ती पुन्हा म्हणवून घ्यावी लागली.

“आता मी,” दातीर वकील रांगेत शिरले. “मलाही पलीकडे यायचंय. रद्द झालेला माणूस घरी जाऊन काय करणार?”

आठही जणांच्या शपथा झाल्या तेव्हा सव्वापाच झाले होते. आम्ही पळालो. खरंच पळालो, नऊवारी आवरत भर पेठेतून मी कधी पळाले नव्हते, आणि काका, वकील, गजराबाई सगळे माझ्याबरोबर पळत होते. दुकानांतले लोक उठून बघत होते. सासूबाई मागून ओरडल्या, “लुगडी! अगं, लुगडी राहिली!” आणि मग त्याच गाठोडं घेऊन घाटापर्यंत आल्या. त्यांना होडीत घेता येणार नव्हतं. गाठोडं माझ्या हातात देऊन त्या पायरीवर बसून राहिल्या.

होडीत काकांनी रजिस्टर मांडीवर घेतलं, नवं पान उघडलं आणि लाटांच्या हेलकाव्यात जपून अक्षर काढलं. एक, सौ. सगुणा फणसळकर. दोन, रामकृष्ण सखाराम पोतनीस.

“काका, असं नका करू. मंडळ तुमचं आहे.”

“वाचा नीट. शुद्धलेखन तपासा,” ते म्हणाले आणि हसले. त्या दिवसानंतर मी त्यांना असं हसताना पुष्कळदा पाहिलं. मंडळाच्या दर वर्धापनदिनाला कोणीतरी उठून विचारी की संस्थापक कोण, आणि काका माझ्याकडे बोट दाखवून असेच हसत. मी प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणत असे, आणि तेही खरंच होतं.

पलीकडे उतरलो तेव्हा उजेड पिवळा झाला होता. चिखलातून माळावर चढलो. नऊ जण छपरांबाहेर आले, थकलेले, बाह्या सरसावलेले. वकिलांनी त्यांना धापा टाकत सगळं सांगितलं, की तुमची शपथ रद्द झाली आहे, नवी या बाईंकडून घ्यायची आहे. एकानं विचारलं, “रद्द झाली? मग दोन दिवस आम्ही इथं काय म्हणून राबलो?” कोणीतरी त्याला पाणी आणायला पाठवलं, शपथेसाठी.

“आधी जाऊबाई,” मी म्हटलं. “तुम्ही जरा उभे राहा.” ते राहिले, ओळीनं, उंबराच्या झाडाखाली.

काकांनी माझ्या हातात वाटी आणि चमचा दिला आणि ते बायकांच्या छपराच्या दाराशीच थांबले. गजराबाई माझ्या पुढे शिरून लगेच कामालाही लागली होती. आत अंधारच होता. चुन्याचा आणि कसला कसला वास. शेवटच्या खाटेवर जाऊबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. इतक्या लहान दिसत होत्या की मी आधी ओळखलंच नाही. पावलांचा आवाज ऐकताच त्यांनी डोक्यावरून पदर ओढला. पदराखाली दात आवळल्याचं मला दिसलं नाही, पण हाताची मूठ दिसली.

मी खाटेशी टेकले. चमचा भरला.

“कोण आलंय?” पदराखालून आवाज आला. आवाज नव्हताच तो, नुसता वारा.

“मी आले, जाऊबाई.”

मूठ सुटली. पदर खाली आला. त्यांनी माझ्याकडे वळायला किती वेळ घेतला कोण जाणे, पण त्या वळल्या, आणि तोंड उघडलं.